चलनाच्या सॉफ्टवेअरसाठी जँगो की नेक्स्ट? आधी चलनबुक हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघे. एकाची जावात चार वर्षं गेली आहेत, दुसऱ्याचा रिअ‍ॅक्टवर हात बसलेला आहे, तिसरीला पायथॉन येतं. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या जॉबवर्क (दुसऱ्या कंपनीच्या मालावरचं काम) करणाऱ्या लहान कारखान्यांसाठी मालाची आवक-जावक आणि चलनं, म्हणजे मालासोबत जाणारे कागद, सांभाळणारं सॉफ्टवेअर करायचं आहे. हातात साडेचार महिने आहेत आणि सुरुवातीला दहा-बारा गिऱ्हाइकं. वेब सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा देणारं फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं, नेक्स्ट (रिअॅक्टवर उभं), जँगो (पायथॉन), लारावेल (पीएचपी) की स्प्रिंग बूट (जावा), यावर तिघांची तीन मतं आहेत.

आधी वेगाचा मुद्दा निकालात काढू, कारण तुम्ही प्रश्नासोबत वेगाच्या तुलनेचे तक्ते जोडले आहेत. बारा कारखाने, प्रत्येकाची दिवसाला साठ चलनं धरली तर ७२० होतात. दहा तासांच्या शिफ्टमध्ये ती मिनिटाला सव्वाच्या आसपास पडतात. यादी, शोध, छपाई असं सगळं धरून वीसपट केलं तरी मिनिटाला पंचवीस विनंत्या. एवढ्या कामावर लहानातला लहान सर्व्हरसुद्धा झोपा काढेल. या आकड्यांना तुमच्या चौघांपैकी एकही फ्रेमवर्क कमी पडणार नाही, तेव्हा ते तक्ते विसरा.

खरे प्रश्न दोन. या कामातला अवघडपणा स्क्रीनवर आहे की डेटात? आणि दोन वर्षांनी मार्चअखेरीस रात्री काही अडलं तर ते कोण दुरुस्त करणार? पहिल्याचं उत्तर काम बघून मिळतं. दुसऱ्याचं तुमच्याकडेच आहे, फक्त तिघांनी समोरासमोर बसून ते बोललं पाहिजे.

पहिल्या प्रश्नासाठी एखाद्या ओळखीच्या शॉपमधून भरलेलं चलनबुक मागून आणा आणि त्यात काय घडतं ते वाचा. कंपनीकडून २०० नग आले. टर्निंग झालं. त्यातले १४० प्लेटिंगला दुसरीकडे गेले. १३२ परत आले, ५ रिजेक्ट. राहिलेले ३ कुठे? परत आलेले १३२ कुठल्या मूळ चलनातले, की दोन चलनांचे मिसळून आले? जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आल्या पाहिजेत, नाहीतर तो पुरवठा समजला जातो. आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाच्या हिशोबाचा फॉर्म माल पाठवणारी कंपनी भरते. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. पण त्यासाठी लागणारे आकडे ती जॉबवर्करकडेच मागते. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरची अब्रू 'कुठल्या चलनाविरुद्ध किती नग शिल्लक' या एका उत्तरावर आहे. ते उत्तर डेटाबेसमधल्या टेबलांच्या नात्यांत, ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या नोंदी एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) आणि अहवालांत राहतं. स्क्रीन कितीही देखणी केली तरी ती ते देणार नाही.

मग कागदावर सगळ्या स्क्रीनची यादी करा आणि प्रत्येकीपुढे एक शब्द लिहा: फॉर्म, यादी, छपाई किंवा हलती. हलती म्हणजे न थांबता बदलणारी, ओढून इकडून तिकडे टाकायची, चित्र काढायची. अशा सॉफ्टवेअरमध्ये साधारण तीसेक स्क्रीन निघतात आणि हलत्या दोन किंवा तीन. बहुधा 'कुठलं काम कुठल्या मशीनवर' हा फळा आणि कदाचित मालकाचा डॅशबोर्ड. ही यादी करायला एक दुपार पुरते, आणि तेवढ्यात निम्मा वाद मिटतो. दोन हलत्या स्क्रीनसाठी उरलेल्या अठ्ठावीस स्क्रीनवर दुहेरी कष्ट घेण्यात शहाणपण नाही.

दुहेरी कष्ट कसे, ते सांगतो. रिअ‍ॅक्ट वेगळं आणि मागे डेटा पुरवणारा एपीआय वेगळा अशी मांडणी केली की एक काम दोन ॲप्लिकेशनांत विभागलं जातं. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणणार, "चलनावर हीट नंबर पण पाहिजे." म्हणजे धातूच्या बॅचचा क्रमांक. सर्व्हरवरच पान तयार होत असेल तर मॉडेलमध्ये एक ओळ, एक मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल), फॉर्ममध्ये नाव, टेम्प्लेटमध्ये एक रकाना, की काम झालं. दोन ॲप्लिकेशनं असतील तर याशिवाय डेटा पाठवण्याच्या रूपात बदलणारा सीरियलायझर, टाइपस्क्रिप्टचा टाइप, पुढचा फॉर्म, पुढची तपासणी, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी चढवण्याची काळजी. एका रकान्याला हे फार वाटत नाही. पण पहिल्या वर्षी असे शंभर रकाने येतात, कारण प्रत्येक शॉपची चलनाची पद्धत निराळी असते. पंधरा जणांच्या टीमला ही विभागणी सोयीची, तिघांना ती ओझं होते.

फ्रेमवर्क कुठल्या गरजेतून जन्मलं हे बघितलं की त्याचा स्वभाव कळतो. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलं. एकाच पानावर अनेक गोष्टी एकदम बदलत राहतात, ती अडचण त्यामागे होती. जँगो २००५ मध्ये कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या वेब टीममधून बाहेर आलं. बातमीच्या मुदतीआधी फॉर्म, याद्या आणि संपादकांसाठी मागची बाजू उभी करायची, ही तिथली रोजची गरज. त्याचं प्रसिद्ध ॲडमिन त्यातूनच आलं. तुमचं काम या दुसऱ्या, जँगोच्या जातीचं आहे.

आता एकेक पर्याय.

नेक्स्टबद्दल तुमच्या रिअ‍ॅक्टवाल्या मित्राचं म्हणणं असणार की सर्व्हर कंपोनंट, म्हणजे सर्व्हरवरच चालणारे पानाचे तुकडे, आल्यापासून वेगळा एपीआय लिहावा लागत नाही. ते खरं आहे, आणि दुहेरी कष्टांचा माझा मुद्दा तेवढ्यापुरता सौम्य होतो. पण नेक्स्टच्या डब्यात डेटाबेसचा थर नाही, मायग्रेशन नाही, लॉगिन-परवानग्या नाहीत, ॲडमिन नाही, मागे चालणाऱ्या कामांची सोय नाही. या पाच-सहा जागी पाच-सहा लायब्रऱ्या तुम्हीच निवडणार आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवत बसणार. शिवाय पाया अजून हलता आहे. आवृत्ती १३ मध्ये, २०२२ साली, फोल्डरांची सगळी रचनाच नवी आली. १४ मध्ये सर्व्हरवरची डेटा आणणारी फेच विनंती न सांगता कॅश व्हायची, म्हणजे साठवलेलं जुनं उत्तर मिळायचं, १५ मध्ये तो नियम उलटा झाला. शिलकीचा आकडा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'हा आकडा ताजा की कालचा' हे आवृत्तीवर अवलंबून असणं मला पसंत नाही. मार्च २०२५ मध्ये तर विनंतीसोबत एक विशिष्ट हेडर पाठवून मिडलवेअरमधली, म्हणजे पानापर्यंत पोचण्याआधीची, तपासणी टाळता येते असा दोष जाहीर झाला. ज्यांनी लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती त्यांचं दार सताड उघडं. यातून घ्यायची गोष्ट कुठल्याही फ्रेमवर्कला लागू आहे: परवानगीची तपासणी डेटा जिथून बाहेर पडतो तिथे करा, फक्त वेशीवर नको.

पैशाचीही एक बाजू आहे. नेक्स्ट बनवणाऱ्या व्हर्सेलची होस्टिंगची फुकट योजना व्यावसायिक कामाला चालत नाही. आणि सर्व्हरलेस पद्धतीत प्रत्येक तुकडा डेटाबेसला स्वतंत्र जोडणी मागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची जोडण्यांची मूळ मर्यादा १०० असते, ती गाठली की पानं अचानक अडतात. मध्ये जोडण्या वाटून देणारा पूलर बसवून हे सुटतं, पण तोही एक भाग वाढला.

वजनाचा मुद्दा लहान दिसतो, पण दुर्लक्ष करू नका. माल नगावर येतो तसा किलोवरही येतो, तीन दशांश स्थळांपर्यंत. जावास्क्रिप्टमध्ये दशांशासाठी स्वतंत्र प्रकार नाही. ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि वर्षअखेरीस शिलकीत काही ग्रॅम उरलेले दिसतात. त्यावरून कंपनीचा स्टोअरवाला फोन करतो. पायथॉनमध्ये डेसिमल आहे, जावात बिगडेसिमल. जावास्क्रिप्टच घ्यायचं तर सगळी वजनं पूर्ण ग्रॅममध्ये साठवा आणि दाखवताना भागा.

स्प्रिंग बूट भक्कम आहे, त्यात वादच नाही. हिंजवडीत अर्धी दुनिया त्यावर चालते, त्यामुळे माणसंही मिळतात. नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडनंतर का होईना. पण तुमच्या कामासाठी त्यात लिहावं बरंच लागतं आणि मेमरीही जास्त लागते. लहान भाड्याच्या सर्व्हरवर तो फरक जाणवतो. आवृत्ती ३.० साठी, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, जावा १७ लागतं आणि पॅकेजांची नावं जावॅक्सवरून जकार्तावर गेली. नेटवरची निम्मी जुनी उदाहरणं त्यामुळे जशीच्या तशी चालत नाहीत, हे तुमच्या मित्राला माहीत असेलच. तिघांपैकी तो एकटाच पूर्णवेळ यात उतरणार असेल, तर मात्र माझं उत्तर बदलेल. त्याकडे पुढे येतो.

लारावेल हा प्रामाणिक स्पर्धक. मायग्रेशन, रांगा, मेल, लॉगिन, सगळं डब्यात आहे. फिलामेंट घेतलं की ॲडमिनही मिळतं. पुण्यात पीएचपी येणारी माणसं सहज सापडतात. मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते, तिला दीड वर्ष दोषदुरुस्ती आणि दोन वर्षं सुरक्षादुरुस्ती मिळते, म्हणजे वर्षाला एकदा हात काळे करायची तयारी हवी. माझी हरकत एकच: तुम्हा तिघांपैकी ते कोणालाच येत नाही. साडेचार महिन्यांत नवी भाषा, नवं फ्रेमवर्क आणि जॉबवर्कचा धंदा असं तिन्ही एकदम शिकायला घेऊ नये. त्यातलं एक शिकायचंच आहे, ते म्हणजे धंदा.

पाचवा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण नाकारण्याआधी बघाच. ईआरपीनेक्स्ट, आणि त्याच्या खालचं फ्रॅपे. मुंबईतच तयार झालेलं, खुलं, पायथॉन आणि मारियाडीबीवर चालणारं. बाहेर काम देण्याची व्यवस्था आणि साठा यांतलं बरंचसं त्यात आधीच आहे, जीएसटीसाठी वेगळं खुलं ॲप जोडता येतं. दोन दिवस बसवून बघा. अडचण एवढीच की शॉपमधल्या सुपरवायझरला त्यातल्या दहापैकी नऊ गोष्टी नको असतात आणि त्या लपवण्यात वेळ जातो. शिवाय त्याच्या पद्धतीने विचार करायला शिकावं लागतं. पण 'हे आधीच कोणी केलं आहे का' याचं उत्तर न शोधता सुरुवात करू नका.

राहिलं जँगो. तुमच्या यादीतल्या अठ्ठावीस साध्या स्क्रीन हा त्याचा हातखंडा. मॉडेल लिहिली की मायग्रेशन मिळतं, लॉगिन-परवानग्या मिळतात, आणि पहिल्याच आठवड्यात ॲडमिनमध्ये पार्ट्या, पार्ट नंबर, दर भरायला सुरुवात करता येते. पण ते ॲडमिन गिऱ्हाइकाला देऊ नका, ते तुमच्यासाठी आहे. आवृत्ती ५.२ ही दीर्घ आधाराची, एप्रिल २०२५ ला आली, एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षादुरुस्ती. तीनच माणसं असताना दर आठेक महिन्यांच्या आवृत्तीमागे धावायचं कारण नाही. दीर्घ आधाराच्या एका आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जा. पानाचा तुकडाच बदलायचा असेल, म्हणजे पार्टी निवडली की तिचे पार्ट नंबर खाली यावेत असं काही, तर एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी पुरते. आणि त्या दोन हलत्या स्क्रीन तुमच्या रिअ‍ॅक्टवाल्या मित्राच्या. व्हीट या साधनाने बांधलेला छोटा तुकडा जँगोच्या पानात बसवा, त्याला हवा तेवढाच एपीआय लिहा. जावावाल्याची चार वर्षं डेटाबेस, ट्रान्झॅक्शन आणि टेस्ट यांत कामी येतील. त्याला पायथॉनची अडचण महिनाभरही टिकणार नाही.

आयुष्याचा प्रश्न राहिला. अँग्युलरजेएसवर २०१३-१४ मध्ये सुरू झालेली कामं २०१६ च्या अँग्युलर २ मध्ये नुसती चढवता आली नाहीत, पुन्हा लिहावी लागली. जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. ब्राउझरकडची बाजू अशी लवकर शिळी होते, सर्व्हरकडची बाजू सावकाश. म्हणून धंद्याचे नियम, शिलकीचा हिशोब, चलनाचे क्रमांक असं जे दहा वर्षं टिकायला हवं ते सर्व्हरवर आणि डेटाबेसमध्ये ठेवा.

इथवरचा हिशोब असा की अवघडपणा डेटात आहे, हलत्या स्क्रीन दोन, माणसं तीन, म्हणून पानं सर्व्हरवर तयार करणारं आणि सगळं डब्यात असणारं फ्रेमवर्क हवं. तुमच्यातल्या एकीला पायथॉन येतं, म्हणून जँगो. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. एक आठवडा द्या आणि एकच चलन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून बघा: लॉगिन, नोंद, क्रमांक, छपाई, परत आलेला माल, शिल्लक. दिसायला वाईट चालेल. वादात असलेल्या दोन फ्रेमवर्कांत तेच करा. या कामाची खरी विघ्नं त्या एका चलनात भेटतात, आणि निवड चुकली असेल तर तीही तिथेच कळते.

पहिलं विघ्न मराठी छपाई. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या अक्षरं एकापुढे एक ठेवतात, जोडत नाहीत. मग 'शिर्के' मध्ये पहिली वेलांटी 'श' च्या उजवीकडे जाते, रफार सुटा पडतो आणि 'क' च्या आधी पाय मोडलेला 'र्' दिसतो. नुसता देवनागरी फाँट जोडून हे सुटत नाही, अक्षरजोडणी करणारं इंजिन लागतं. पायथॉनमध्ये वीझीप्रिंट हे काम बरोबर करतं, कारण ते पँगो वापरतं. पीएचपीत एमपीडीएफ करतं. नाहीतर स्क्रीनशिवाय चालणाऱ्या क्रोमकडून पान छापून घ्या. चालतं, पण मेमरी खातं. चाचणीसाठी 'शिर्के, कुऱ्हाडे, कृष्णा, ज्येष्ठ, सर्व्हिस, चिंचवड' एवढे शब्द पुरे. आणि ही चाचणी सर्व्हरवर करा. तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट असतो, भाड्याच्या कोऱ्या लिनक्सवर नसतो आणि तिथे चौकोन छापले जातात. 'नोटो' किंवा 'मुक्त' नावाचा फाँट प्रोजेक्टबरोबरच चढवा.

'कुऱ्हाडे' मुद्दाम दिलं आहे. 'ऱ' दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला एकच, शोधताना दोन. कुठल्या फोनचा कीबोर्ड काय पाठवेल यावर भरवसा ठेवू नका. नोंद घेतानाच मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा, नाहीतर एकाच पार्टीची दोन खाती तयार होतात. यादीच्या क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह' नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात 'ल' च्या लगेच पुढे. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचा मराठीसाठीचा क्रम लावता येतो, तो पहिल्या दिवशीच लावा.

दुसरं विघ्न क्रमांकाचं, आणि इथे अनुभवी माणसंही चुकतात. जीएसटी नियम ५५ प्रमाणे चलनाला सलग अनुक्रमांक लागतो, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, एक किंवा अनेक मालिकांत. डेटाबेसचा आपोआप वाढणारा क्रमांक यासाठी वापरू नका; ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी तो आकडा परत येत नाही आणि मालिकेत भोक पडतं. 'आत्तापर्यंतचा मोठा आकडा अधिक एक' हेही नको, दोघांनी एकदम सेव्ह दाबलं तर दोघांना एकच क्रमांक. वेगळं काउंटरचं टेबल ठेवा: कारखाना, मालिका, आर्थिक वर्ष, शेवटचा आकडा. चलन साठवण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच ती ओळ सिलेक्ट फॉर अपडेटने अडवा, म्हणजे इतरांसाठी कुलूप लावा, एक वाढवा, चलन लिहा, सोडा. कारखाना-वर्ष-मालिका-आकडा यांवर अनन्यतेचं बंधन (तीच जोडी दोनदा न घेण्याचं) डेटाबेसमध्येच टाका. चारही फ्रेमवर्कांत हे जमतं, पण कुणाच्या कोडमध्ये ते सरळ वाचता येतं ते बघा.

तिसरं, १ एप्रिल. सर्व्हर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो आणि तसंच ठेवावं. पण आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या संध्याकाळचे साडेसहा. रात्रपाळीत १ एप्रिलला पहाटे तीन वाजता निघालेलं चलन यूटीसीच्या हिशोबाने ३१ मार्चचं ठरतं आणि जुन्या वर्षाच्या मालिकेत घुसतं. जँगोमध्ये टाइम झोन एशिया/कोलकाता लावा, आणि आर्थिक वर्ष काढताना स्थानिक तारीख वापरा, साठवलेल्या वेळेची तारीख नको. याची टेस्ट लिहा. ही चूक वर्षातून एका रात्रीच दिसते, आणि ती रात्र सगळ्यात वाईट असते.

चौथं, दोनदा दाबलेलं बटण. पत्र्याच्या शेडखाली नेट रेंगाळतं, सुपरवायझर सेव्ह पुन्हा दाबतो, दोन चलनं तयार. बटण निष्क्रिय करणं पुरेसं नाही, कारण उत्तर वाटेत हरवून ब्राउझरच पुन्हा पाठवू शकतो. फॉर्म उघडताना एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळखक्रमांक, द्या, तो चलनासोबत साठवा, त्यावर अनन्यतेचं बंधन ठेवा. दुसऱ्यांदा तोच आला तर आधीचंच चलन दाखवा.

पाचवं, फोन. लॅपटॉपवर बघून ठरवू नका. दोन-तीन जीबी मेमरीचा, वर्षभर वापरलेला स्वस्त अँड्रॉइड घ्या आणि शॉपमध्ये उभं राहून चलन भरा. सर्व्हरकडून आलेलं साधं पान तिथे लगेच उघडतं. जावास्क्रिप्टचं मोठं गाठोडं उतरवायला आणि उलगडायला तो फोन वेळ घेतो. भरताना बोटं तेलकट असतात, तेव्हा बटणं मोठी करा आणि आकड्यांच्या रकान्याला आकड्यांचाच कीबोर्ड येऊ द्या.

ही पाच विघ्नं पार झाल्यावर मांडणीबद्दल थोडं. पोस्टग्रेस घ्या. पहिलं मायग्रेशन चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल ठेवा, रिकामं का असेना. नंतर ते बदलणं जँगोत फार कटकटीचं आहे. सगळे कारखाने एकाच डेटाबेसमध्ये ठेवणार असाल तर प्रत्येक टेबलावर कारखान्याचा आयडी हवा, आणि तो फिल्टर प्रत्येक ठिकाणी हाताने लावायच्या भरवशावर राहू नका. एका जागी विसरला की शेजारच्या गाळ्यातल्या स्पर्धकाला तुमच्या गिऱ्हाइकाचे दर दिसतात. जँगोच्या मॅनेजरमध्ये, म्हणजे डेटा मागण्याच्या थरात, तो बसवा आणि वर पोस्टग्रेसची ओळपातळीवरची सुरक्षाही लावा.

याद्या हळू झाल्या तर फ्रेमवर्कला दोष देण्याआधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मोजा. पन्नास चलनांच्या यादीत प्रत्येकाची पार्टी आणि प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या आणल्या तर १०१ क्वेरी होतात. जँगोचं सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड लावलं, म्हणजे सगळं एकत्र मागवलं, की दोन. लारावेलमध्येही हीच खोड आहे, फक्त औषधाचं नाव वेगळं.

सुरुवातीला दोन कोर, चार जीबीचा एक भाड्याचा सर्व्हर, मुंबई किंवा बेंगळुरूच्या केंद्रातला. पुढे विनंत्या घेणारा एनजिनएक्स, त्यामागे जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नचे पाच वर्कर. कोरच्या दुप्पट अधिक एक, हा त्यांचा नेहमीचा ठोकताळा आहे. मागे चालणाऱ्या कामांसाठीची सेलरी आणि रेडिस पहिल्या दिवशी नकोत. रात्रीचा अहवाल आणि बॅकअप ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनवर चालतात. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवा आणि महिन्यातून एकदा तो उतरवून खरोखर चालतो का ते बघा.

टॅलीचा विषय गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत काढेल. टॅली एक्सएमएल स्वरूपातला डेटा घेते, आणि चालू असेल तर ९००० पोर्टवर थेटही घेते. पण ती असते मालकाच्या ऑफिसातल्या संगणकावर, तुमचा सर्व्हर मुंबईत. बाहेरून तिथे पोचता येत नाही आणि पोचण्याची वाट उघडूही नका. एक्सएमएल फाइल उतरवून टॅलीत आयात करायची सोय पहिल्या वर्षाला पुरते. एसएमएस मराठीत पाठवायचा विचार असेल तर हेही धरा, की देवनागरीतला एकटा संदेश ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीतला १६०. शिवाय डीएलटी, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीची, नोंदणी लागते, तिचा वेळ साडेचार महिन्यांत मोजा.

आता माझं उत्तर केव्हा बदलेल. नेट नसतानाही चलन निघालंच पाहिजे अशी खरी अट असेल तर खेळ पालटतो. मग डेटा फोनवर साठवणारं ॲप लागेल, रिअ‍ॅक्ट आणि मागे एपीआय हीच सरळ वाट, आणि दोन फोनांना सलग क्रमांक देता येणार नाहीत म्हणून प्रत्येक उपकरणाची वेगळी मालिका. नियम अनेक मालिकांना मुभा देतो, पण ही अट खरी आहे का ते आधी तपासा. 'कधी कधी नेट जातं' आणि 'नेट नसताना गाडी सोडावी लागते' यांत साडेचार महिन्यांचा फरक आहे. दुसरं, पायथॉनवाली मैत्रीण सहा महिन्यांनी परदेशी शिकायला जाणार असेल आणि जावावाला इथेच राहणार असेल, तर स्प्रिंग बूट घ्या, पानं थाइमलीफ या टेम्प्लेटच्या साधनाने सर्व्हरवरच बनवा आणि वरची पाच विघ्नं तशीच पार करा. जो राहणार त्याच्या हाताला जे सवयीचं, ते फ्रेमवर्क थोडं कमी सोयीचं असलं तरी चालतं. तिसरं, गिऱ्हाईक बाराचे बाराशे होतील म्हणून आजच सूक्ष्म सेवा (एक काम अनेक छोट्या स्वतंत्र सेवांत तोडणं) वगैरे मांडायचा मोह झाला, तर वरचा मिनिटाला सव्वा चलनाचा हिशोब पुन्हा काढून बघा. बाराशे झाले तरी ते सेकंदाला दोन होतं.

एक शेवटचं, फ्रेमवर्कशी संबंध नसलेलं. नवी आवृत्ती चढवायचा वार गुरुवार ठेवा. भोसरी एमआयडीसीत बहुतेक शॉप त्या दिवशी बंद असतात, चलनं निघत नाहीत, काही मोडलंच तर शुक्रवार सकाळच्या पाळीपर्यंत वेळ मिळतो. तुमच्या स्वतःच्या भागात त्या दिवशी वीज जाते का ते मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.